क्यूब्ससाठी लॅपटॉप घेताना काय तपासायचे

क्यूब्स ओएस ही सुरक्षेसाठी बनवलेली ऑपरेटिंग सिस्टिम एकाच संगणकात अनेक बंद कप्पे करते. बँकेचे काम एकात, अनोळखी फाइल दुसऱ्यात, वाय-फाय कार्ड तिसऱ्यात. कप्प्यांचा कारभार झेन हा हायपरवायझर (एका यंत्रात अनेक आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) पाहतो, पण त्यांच्या भिंतींची मजबुती प्रोसेसर आणि चिपसेटवर ठरते.

वाय-फाय कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत वाचू-लिहू शकते. त्याला वेसण घालते ते आयओएमयू. इंटेलमध्ये त्याचे नाव व्हीटी-डी, एएमडीमध्ये एएमडी-व्हीआय. ते नसेल, तर कार्डावर ताबा मिळवणाऱ्याला कप्प्यांची अडचणच उरत नाही. याशिवाय कप्पे चालवण्यासाठी इंटेलमध्ये व्हीटी-एक्स व ईपीटी, एएमडीमध्ये एएमडी-व्ही व आरव्हीआय लागते. बरेचदा प्रोसेसरमध्ये सोय असते, पण बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, ती बंद असते. मग इन्स्टॉलर सुरुवातीलाच सूचना देतो. बायोसमध्ये तो पर्यायच नसेल, तर तो लॅपटॉप सोडून द्यावा.

रॅम किमान ६ जीबी, शिफारस १६ जीबीची. ६ जीबीवर क्यूब्स चालते म्हणण्यापेक्षा रांगते म्हणावे: प्रत्येक कप्प्यात स्वतंत्र लिनक्स चालू असते. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल, तर पुढे वाढवता येत नाही. एसएसडी १२८ जीबीची तरी हवी. हायपरथ्रेडिंग, म्हणजे एकाच कोअरवर दोन थ्रेड चालवणे, क्यूब्स मुद्दाम बंद ठेवते, त्यामुळे थ्रेड नव्हे, कोअर मोजा.

ग्राफिक्स इंटेलचेच, प्रोसेसरमधले बरे. एनव्हिडियाच्या कार्डावर इन्स्टॉल करतानाच पडदा काळा पडण्याचे प्रकार होतात.

दोन गोष्टी जाहिरातीत कधीच सापडत नाहीत. पहिली, अंगचा कीबोर्ड आतून यूएसबीवर जोडलेला आहे का. असेल, तर यूएसबी उपकरणे सांभाळणाऱ्या कप्प्यात घुसलेल्याला तुमचा पासवर्डही टिपता येतो. पीएस/२ ही यूएसबीविना होणारी जुनी जोडणी उत्तम. दुसरी, झोपेची एस३ अवस्था, म्हणजे रॅम सोडून जवळपास सगळे बंद ठेवणारी झोप. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये ती काढून टाकली आहे, आणि मग झाकण मिटले तरी बॅटरी उतरत राहते.

क्यूब्सच्या हार्डवेअर यादीत, म्हणजे वापरकर्त्यांनी तपासलेल्या संगणकांच्या यादीत, मॉडेलच्या नावावर थांबू नका. प्रोसेसर, वाय-फाय कार्ड आणि बायोसची आवृत्तीही जुळवा. लॅपटॉप हाताशी असेल, तर बाहेरच्या यूएसबी एसएसडीवर क्यूब्स इन्स्टॉल करून पाहता येते. मात्र तेव्हा यूएसबीचा कप्पा तयार करू नका. नाहीतर ज्या डिस्कवरून यंत्रणा चालते, तीच तिच्या हातातून निसटते.