चुंबकीय व विद्युतचुंबकीय भूसर्वेक्षण (सोलापूर परिसर)

जमीन न खणता, खडकांचे चुंबकत्व आणि वीजवाहकता मोजून पोटातल्या खनिजांचा माग काढण्याच्या या दोन भूभौतिक पद्धती आहेत. सोलापुरात त्यांची कसोटी लागते, कारण इथे वरचा काळा पाषाणच चुंबक आहे.

दख्खनचा हा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइट या चुंबकी लोहखनिजाच्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आणि बरेच थर साचले तेव्हा चुंबकीय ध्रुवही आजच्या उलट होते. म्हणून चुंबकीय नकाशावर उठणारे चढउतार अनेकदा खनिजाचे नसून या छपराचेच असतात. वीज पडलेल्या माळावरचा धोंडा होकायंत्राजवळ नेला, तर सुई जागची हलते.

सोलापूरला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता साधारण ४२ ते ४३ हजार नॅनोटेस्ला (हे तीव्रतेचे एकक) आहे. प्रोटॉन चुंबकमापकाच्या बाटलीत रॉकेलसारखा हायड्रोजनयुक्त द्रव असतो. भोवतीच्या वेटोळ्यातला प्रवाह तोडला की प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची अणुकेंद्रे, सेकंदाला सुमारे १,८०० फेरे घेत डोलतात, आणि त्या वारंवारतेवरून क्षेत्र कळते. यंत्र घेऊन चालणाऱ्याने किल्ल्या, मोबाइल, पट्ट्याचे बक्कल बाजूला ठेवायचे. विहिरीवरची मोटार, तारेचे कुंपण, रेल्वेमार्ग यांपासून लांब राहायचे. ही खबरदारी फाजील नव्हे. विजेच्या ट्राममुळे मुंबईतली चुंबकीय निरीक्षणे बिघडणार, म्हणून कुलाब्याचे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवावे लागले. क्षेत्र दिवसभरातही बदलते, तेव्हा एक यंत्र जागेवर ठेवून तो बदल वजा करतात.

विद्युतचुंबकीय पद्धतीत वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडतात. जमिनीतल्या वाहक थरात त्यामुळे भोवरी प्रवाह उठतात आणि त्यांचे दुय्यम क्षेत्र वर मोजतात. तांब्याची सल्फाइड खनिजे यात चांगली उमटतात. पण ग्रॅफाइट, खारे पाणी आणि ओली काळी मातीही तशीच उमटते, आणि फसगत होते ती इथेच. वारंवारता जितकी कमी, तितकी नजर खोल: ३० ओहम-मीटर रोधकतेच्या (वीज अडवण्याच्या गुणाच्या) झिजलेल्या बेसाल्टमध्ये १,००० हर्ट्झला ती सुमारे ८७ मीटर जाते.

एवढ्याने छप्पर ओलांडले जात नाही. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारीला खोदलेल्या बोअरमध्ये सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट लागला, मग त्याखाली जुना ग्रॅनाइटी खडक. कर्नाटकात रायचूरजवळच्या हट्टीला सोने ज्या प्राचीन खडकांत सापडते, त्यांच्या जातीचे पट्टे उत्तरेकडे या बेसाल्टखाली असू शकतात. ते शोधायला पृथ्वीच्या नैसर्गिक प्रवाहांवर चालणारी मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत अधिक उपयोगी. सोने या यंत्रांना थेट दिसत नाही. दिसतात त्याच्या सोबतीच्या भेगा आणि सल्फाइडे.

सोलापूरच्या कोरडवाहू शिवारात मात्र या यंत्रांकडून पहिली अपेक्षा पाण्याची असते. बेसाल्टमध्ये उभी घुसलेली भित्ती, म्हणजे डाइक, चुंबकीय रेषेवर ठसठशीत उमटते. तिच्या कडेला फुटलेला, झिजलेला खडक असेल तर वीजवाहकता वाढलेली दिसते. दोन्ही खुणा एकाच जागी जुळल्याशिवाय बोअरचा खर्च करू नये.