दोन चालींत मात: बुद्धिबळाच्या कोड्यांची पार्श्वभूमी

'पांढऱ्याची खेळी, दोन चालींत मात.' पटाखाली एवढीच ओळ असते. नवखा सोडवणारा लगेच शह शोधायला लागतो. वजिराचा शह, हत्तीने प्यादे मारून शह, घोडा देऊन शह. सगळे शह तपासून झाले तरी काळा राजा कुठून ना कुठून निसटतोच. शेवटी उत्तर उघडून पाहावे तर पहिली चाल शहाची नसतेच, कोपऱ्यातला उंट नुसता एक घर मागे आलेला असतो.

असे का होते, याचे उत्तर या कोड्यांच्या इतिहासात सापडते. आज ज्यांना आपण सरसकट 'बुद्धिबळाची कोडी' म्हणतो त्यांत दोन वेगवेगळी घराणी एकत्र आली आहेत. एक हजार वर्षांहून जुने, दुसरे एकोणिसाव्या शतकातले. पहिल्याची सवय घेऊन दुसऱ्याकडे गेलो की अडलोच.

जुने घराणे बगदादचे. नवव्या आणि दहाव्या शतकांत खलिफांच्या दरबारात शतरंजचे नामांकित खेळाडू होते. आधी अल-अदली, नंतर अस-सूली. ते खेळत आणि पुस्तकेही लिहीत. त्या पुस्तकांत डावाच्या शेवटाकडच्या निवडक स्थिती दिलेल्या असत, त्यांना 'मन्सूबा' म्हणत. त्या काळचा वजीर अगदी दुबळा, तिरपे एकच घर चालणारा. आजच्या उंटाच्या जागी बसणारा मोहरा तिरपी उडी मारून बरोबर दुसऱ्या घरात पडे, मधले घर रिकामे असो वा भरलेले. राजा, हत्ती आणि घोडा मात्र आजच्यासारखेच चालत. त्यामुळे मन्सूब्यांत खरा मारा हत्ती आणि घोडेच करतात, आणि ज्यांत दुसरे मोहरे जवळजवळ नाहीत असे कित्येक मन्सूबे आजच्या नियमांनीही जसेच्या तसे सुटतात. इतकी जुनी, तरीही न शिळी झालेली कोडी दुसऱ्या कुठल्या खेळात क्वचितच असतील.

यातला सर्वांत गाजलेला मन्सूबा दिलारामचा. दंतकथा अशी की एक सरदार पैज लावून शतरंज खेळत होता. सगळे हरल्यावर त्याने पत्नी दिलारामलाच पणाला लावले. डाव हातचा जाणार असे दिसताच तिने सुचवले, दोन्ही हत्ती दे, पण मला देऊ नकोस. कथेचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, पटावरची स्थिती मात्र खरोखर विलक्षण आहे. (घरांची नावे अशी: उभे रकाने ए ते एच, आडव्या रांगा १ ते ८, पांढऱ्याच्या बाजूने मोजलेल्या.) पांढरा पहिला हत्ती एच८वर नेऊन शह देतो, काळ्या राजाला तो मारावाच लागतो. मग एच३वरचा उडी मारणारा मोहरा एफ५वर जातो आणि मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या हत्तीची वाट मोकळी होऊन शह बसतो. काळा आपला हत्ती मध्ये घालतो. पांढरा तो मारतो, पुन्हा शह. राजा जी८वर परततो. आता दुसरा हत्तीही एच८वर बळी जातो. राजा तो मारतो, तेव्हा प्यादे जी७वर सरकून शह देते, राजाला जी८वर यावे लागते आणि घोडा एच६वर येऊन मात करतो. मघाशी केवळ वाट मोकळी करायला हललेला वाटलेला एफ५वरचा मोहरा आता एच७ हे घर अडवून बसलेला असतो. त्याने ते घर धरले नसते तर राजा तिथून सुटला असता. एकाच चालीने दोन कामे करून घ्यायची, ही कोडे रचणाऱ्याची कला तेव्हाच पक्की झाली होती.

या मन्सूब्यात पांढऱ्याची प्रत्येक चाल शहाची आहे, आणि त्याला कारण आहे. जुन्या मन्सूब्यांत बहुधा पांढऱ्या राजावर पुढच्याच चालीला मात टांगलेली असते. शहाविना एक चाल केली की आपणच मेलो. रचनाकाराला कोड्यात प्राण आणायचा होता, हरता हरता जिंकण्याची गंमत दाखवायची होती, म्हणून ही धास्ती घातली जाई. सोडवणाऱ्याचे काम त्यामुळे एका अर्थी सोपे होई. शह कोणते ते मोजायचे आणि बळी द्यायला कचरायचे नाही.

हा वारसा अरबी ग्रंथांतून युरोपात गेला. कॅस्टीलचा राजा दहावा अल्फोन्सो याने 1283 साली पूर्ण करून घेतलेल्या खेळांच्या सचित्र ग्रंथात बुद्धिबळाच्या 103 स्थिती आहेत, त्यांतल्या बऱ्याच अरबी परंपरेतल्या. मध्ययुगीन युरोपात कोड्यांवर पैजाही लागत. पट मांडून ठेवायचा, कोणती बाजू घ्यायची ते समोरच्याला ठरवू द्यायचे आणि पैसे लावायचे. अशा वेळी स्थिती दिसायला सोपी आणि आतून फसवी असणे रचणाऱ्याच्या फायद्याचे होते. 'इतक्याच चालींत मात' किंवा 'अमुक मोहऱ्यानेच मात' अशा अटीही याच काळात भरपूर दिसतात.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजीर आणि उंट यांना आजच्या चाली मिळाल्या. 1497 साली स्पेनमध्ये छापलेल्या लुसेनाच्या पुस्तकात 150 स्थिती आहेत, काही जुन्या नियमांच्या, काही नव्या. स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजाला घोड्याने दिलेली ती प्रसिद्ध मात तिथेच आहे. घोडा आणि वजीर दोघांचा मिळून दुहेरी शह, राजा कोपऱ्यात, मग वजीर थेट राजाशेजारच्या घरात बळी द्यायचा, काळ्या हत्तीला तो मारायला लावून राजाची शेवटची वाटही बंद करायची आणि घोड्याने मात. ही मात पुढे अठराव्या शतकातल्या फिलिडोर या फ्रेंच खेळाडूच्या नावावर चढली, पण ती त्याच्याहून अडीचशे वर्षे जुनी आहे.

जुन्या घराण्याचा शेवटचा मोठा माणूस अलेप्पोचा फिलिप स्टामा. त्याने 1737 साली पॅरिसमध्ये शंभर स्थितींचे पुस्तक काढले. त्याच्याही पटावर पांढरा मरणाच्या दारात असतो आणि शहामागून शह देत जिंकतो. घरांना अक्षर आणि अंक देऊन चाली लिहिण्याची पद्धतही त्याने वापरली. आज आपण ई४, एफ५ लिहितो त्या पद्धतीशी तिचे थेट नाते आहे. आपल्याकडेही अशा संग्रहांची परंपरा होती. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या संस्कृत संग्रहाचे इंग्रजी रूप 1814 साली मुंबईत छापले गेले, आणि तेही मुख्यतः निवडक स्थितींचेच पुस्तक आहे. देशी खेळात प्याद्याने दिलेल्या मातीला विशेष मान असे, त्यामुळे कोड्यातही प्याद्याला भाव होता.

मग 1845 साली वळण आले, आणि तेही दिल्लीहून. हॉवर्ड स्टॉन्टन लंडनमध्ये बुद्धिबळाचे मासिक चालवत असे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्यात 'शागीर्द' या टोपणनावाने चार चालींत मातीचे एक कोडे आले. रचणारा होता दिल्लीत राहणारा पाद्री हेन्री ऑगस्टस लव्हडे. यात पांढऱ्या राजाला कसलीच धास्ती नाही. अडचण उलटी आहे. काळ्याकडे हलवायला फारसे काहीच नाही, आणि पांढऱ्याने त्याला पुरते जखडले तर स्टेलमेट होते, म्हणजे शह नसताना त्याला एकही चाल उरत नाही, आणि डाव बरोबरीत सुटतो.

उत्तर पाहा. एच६वरचा उंट पहिल्याच चालीला पटाच्या पार टोकाला, सी१वर जाऊन बसतो. शह नाही, मारामारी नाही, धमकीसुद्धा दिसत नाही. दुसरी चाल राजाची, नुसती वेळ काढणारी. तिसऱ्या चालीला हत्ती डी१वरून डी२वर येतो, म्हणजे आपल्याच उंटाच्या वाटेत आडवा उभा राहतो. उंटाचा मारा थांबल्यामुळे ई४वर कोंडलेल्या काळ्या राजाला एफ४ हे घर मोकळे होते आणि दुसरे काही हलत नसल्याने त्याला तिथेच जावे लागते. चौथ्या चालीला हत्ती डी४वर उडतो, उंटाची वाट उघडते, राजाला हत्ती आणि उंट दोघांचा शह बसतो आणि मात होते. उंटाला आधीच डी२ ओलांडून पलीकडे नेले नसते, तर हत्तीला त्याच्या पुढ्यात उभे राहता आलेच नसते.

मूळ मांडणीत दोष होते, इतर मार्गांनीही मात साधत होती. पण कल्पनेने युरोपातले रचनाकार भारावून गेले. आपल्याच मोहऱ्याची वाट मुद्दाम अडवायची, हा विचार जुन्या घराण्यात बसणाराच नव्हता. त्या कोड्याला 'इंडियन प्रॉब्लेम' हे नाव पडले आणि 1903 साली कोहत्झ आणि कोकेलकोर्न या जर्मन जोडीने त्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. आजही चांगल्या कोड्यात 'या मोहऱ्याला एवढे लांब का नेले?' असा प्रश्न पडला की समजावे, लव्हडेचा वंश पुढे चालू आहे.

पुढच्या पिढीत अमेरिकेचा सॅम लॉइड. त्याचा मित्र डेनिस ज्युलियन बढाई मारी की कुठल्याही कोड्यात शेवटची मात कोणता मोहरा देणार हे तो ओळखतो. लॉइडने पैजेवर कोडे रचले आणि विचारले, यातला कोणता मोहरा मात देणार नाही? ज्युलियनने बी२वरच्या प्याद्यावर बोट ठेवले, आणि नेमके तेच प्यादे बी४, सी५, सी६, बी७ असे चढत पाचव्या चालीला ए८वर वजीर होऊन मात करते. 1861 साली छापलेल्या या कोड्यात पहिली चाल आहे मूळ जागेवरून दोन घरे सरकलेले ते प्यादे. सोडवणाऱ्याच्या मनात काय चालले असेल हे ओळखून रचण्यात लॉइडला तोड नव्हती.

याच काळात नियम घट्ट झाले. पहिली चाल एकच हवी, दुसरी सापडली तर कोडे बाद. पहिल्या चालीत शह किंवा मोहरा मारणे हे ओबडधोबड मानले जाऊ लागले, काळ्याचे मोकळे घर हिरावून घेणेही खटकू लागले; उलट राजाला आणखी एक घर देणारी चाल वाखाणली गेली. बोहेमियातल्या रचनाकारांनी मातीच्या रूपाकडेच लक्ष वळवले, राजाभोवतीचे प्रत्येक घर एकदाच आणि एकाच कारणाने बंद हवे असा त्यांचा आग्रह. दोन चालींच्या कोड्यात तर असेही होऊ लागले की काळ्याच्या प्रत्येक चालीला मात आधीच तयार आहे, फक्त खेळी पांढऱ्याची आहे. त्याला काहीही न बिघडवणारी एक चाल हवी, आणि कधी तशी चालच नसते. मग तयार माती मोडून नव्या उभ्या कराव्या लागतात.

म्हणूनच अशा कोड्यापुढे बसताना मी शह शोधण्याआधी काळ्याकडून सुरुवात करतो. आत्ता खेळी काळ्याची असती तर त्याने काय केले असते आणि त्यावर मात आहे का, हे पाहतो. मग राजाची मोकळी घरे मोजतो. मग पटावरचा सर्वांत बिनकामाचा दिसणारा पांढरा मोहरा कशासाठी ठेवला आहे, हे विचारतो. रचनाकार उगाच मोहरा ठेवत नाही, त्यामुळे हा प्रश्न बहुतेक वेळा उत्तराच्या जवळ नेतो. प्रत्यक्ष डावांतून उचललेल्या, सरावाच्या संकेतस्थळांवर मिळणाऱ्या स्थिती मात्र स्टामाच्या घराण्यातल्या. तिथे शह आणि बळी आधी पाहणेच बरोबर.

यंत्रानेही सुरुवात इथूनच केली. 1951 साली मँचेस्टरच्या फेरांटी मार्क १ संगणकावर डीट्रिख प्रिन्झने दोन चालींत मात शोधणारा प्रोग्राम चालवला. पूर्ण डाव खेळणे त्या यंत्राच्या आवाक्याबाहेर होते. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) आणि प्याद्याची बढतीही त्यातून वगळली होती. सगळ्या चाली एकामागून एक तपासत ते उत्तरापर्यंत पोचत असे. आज संगणक तेच काम क्षणात करतो, आणि रचनाकार त्याचा उपयोग मुख्यतः आपल्या कोड्याला दुसरे उत्तर नाही ना, हे पडताळायला करतात.

माणसांच्या स्पर्धा मात्र संगणकाविनाच होतात. कोडी सोडवण्याची जागतिक स्पर्धा 1977 साली स्वीडनमधल्या माल्मो इथे सुरू झाली. पहिल्या फेरीत दोन चालींची तीन कोडी आणि 20 मिनिटे. त्यांना फक्त पहिली चाल लिहिली तरी पुरते. मग तीन चालींची, मग लांबलचक, शिवाय दोन्ही बाजू मिळून काळ्याला मात करतात अशी आणि पांढरा काळ्याला स्वतःवर मात करायला भाग पाडतो अशीही. इंग्लंडचे ग्रँडमास्टर आणि गणितज्ञ जॉन नन यांनी ही स्पर्धा 2004, 2007 आणि 2010 साली जिंकली. दरवर्षी जानेवारीत अनेक देशांत एकाच दिवशी तीच कोडी देऊन आणखी एक स्पर्धा होते. तिच्यात लहान मुलांचा आणि नवख्यांचा वेगळा गट असतो.