शेड पाडली तरी जमीन ‘मोकळी’ नाही

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्र. 2 आणि 3 चे आवार पालिकेकडे आले आणि तिथे वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करायचे ठरले. गिरणीची इमारत अशी थेट लोकांच्या वापरासाठी मिळाल्याची उदाहरणे मुंबईत बोटावर मोजण्याइतकी. ताडदेवची पहिली गिरणी, भोंगे, 1982 चा संप हे सगळे वाचकांना पाठ आहे. ती इतकी कमी का, याची खरी मेख आहे 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 क्रमांकाच्या नियमात, आणि पुढे त्यात घुसलेल्या ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांत.

मूळ नियम असा: गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश पालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, जवळपास तेवढीच सार्वजनिक घरबांधणीसाठी, उरलेली मालकाला. टक्के भूखंडाच्या आकाराप्रमाणे बदलत, पण बोलताना सगळे एक तृतीयांशच म्हणतात. यात एक पळवाट होती. जुनी इमारत ठेवून फक्त आतला वापर बदलला, तर वाटणी टळायची. लोअर परळच्या एका गिरणीत बोलिंग अ‍ॅली आली ती कामगारांच्या करमणुकीच्या नावावर. कुठला बदली कामगार तिथे खेळायला गेला, कोण जाणे.

मग 2001 ची दुरुस्ती आली. वाटणी आता पूर्ण आवाराची नाही, फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची. आणि मोकळी म्हणजे आधीपासून रिकामी असलेली. शेड पाडून रिकामी झालेली जमीन त्यात धरायची नाही.

हे किती महागात पडले ते साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागात, उभे राहिल्याशिवाय कळत नाही. साचे म्हणजे माग हादरतात, म्हणून विणकामाची शेड सहसा एकमजली आणि पसरट. वर करवतीच्या दात्यांसारखे छप्पर, त्याच्या काचा उत्तरेला. ऊन आत येत नाही, पण उजेड दिवसभर सारखा राहतो, तुटलेला धागा चटकन दिसतो. अशा शेडी मजले चढवत नाहीत, जमीन खातात. समजा आवार 10 एकरांचे आणि 8 एकरांवर बांधकाम. जुन्या नियमाने पालिकेला तीन एकरांहून जास्त मिळाले असते. नव्या नियमाने वाटणी उरलेल्या 2 एकरांची, म्हणजे पाऊण एकरही हाती नाही. शेड जमीनदोस्त झाली तरी तिच्याखालची जमीन कागदावर बांधलेलीच राहिली.

दुरुस्तीच्या बाजूने सांगितले गेले की मालकाला काही सुटल्याशिवाय बंद गिरण्यांचा प्रश्न सुटणार नाही, कामगारांची देणी निघणार नाहीत. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. दुरुस्तीला विरोध करणाऱ्यांनी प्रकरण कोर्टात नेले. ऑक्टोबर 2005 मध्ये उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने कौल दिला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि दुरुस्ती कायम ठेवली. 2005 मध्येच सरकारी मालकीच्या पाच गिरण्यांचे लिलाव झाले होते, त्यात दादरची कोहिनूर क्र. 3 आणि एल्फिन्स्टन रोडची ज्युपिटर होती. आज त्या जागांवर टॉवर आहेत. काळाचौकीची गिरणीही सरकारीच, पण ती विक्रीऐवजी वाट्यातून पालिकेकडे आली.

टाउन हॉल म्हटले की मुंबईकराला फोर्टातल्या त्या 1833 च्या पायऱ्याच आठवतात. गिरणगावाला कुणी टाउन हॉल बांधून दिला नाही. कामगार रंगभूमी वाढली ती परळच्या 1922 च्या दामोदर हॉलमध्ये, आणि तोही 2023 मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाला. खांबांच्या रांगा असलेल्या, दिवसा दिवा न लावता सभागृह म्हणून वापरता आल्या असत्या अशा गिरण्यांच्या शेडी तोवर बहुतेक पाडल्या गेल्या होत्या.