गच्चीतला रेडिएटर, कडाक्याची थंडी आणि ग्लायकॉलचा हिशेब

मराठवाड्यात कॉम्प्युटर तापतो ही तक्रार नेहमीची. गोठला असं कुणी म्हणत नाही. खोलीतल्या यंत्रापुरतं ते खरंही आहे. परभणीचा पारा पाच अंशांखाली उतरला तरी बंद खोलीत पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही. लिक्विड कूलिंगमध्ये पंप पाणी फिरवतो, ते प्रोसेसरची उष्णता उचलतं आणि रेडिएटरच्या जाळीतून हवेत सोडतं. त्याला गोठण्याचा धोका दोनच ठिकाणी असतो. एक, उन्हाळ्यात खोली तापू नये म्हणून रेडिएटर गच्चीत काढला असेल तर. दुसरं, यंत्र पाण्यासकट लेहला किंवा कॅनडाला धाडायचं असेल तर.

आधी गच्चीचं बघू. हवामान खात्याचं तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत मोजलेलं असतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्यावरचा धातू आपली उष्णता सरळ आकाशाकडे टाकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षा दोन-चार अंश जास्त गार होतो. निफाडला पारा तीन-चारवर असतानाही दव गोठतं ते यामुळेच. म्हणून ‘पारा ४ आहे, काळजी नाही’ हा हिशेब गच्चीवर चालत नाही. रेडिएटरच्या वर हातभर अंतरावर एखादी फळी आडवी टाकली तरी हा फरक बराच कमी होतो. वाऱ्याची भीती मात्र उगाच घेतली जाते. वाऱ्याने पाणी लवकर गार होतं, पण हवेच्या तापमानाखाली जात नाही.

यंत्र चालू असताना प्रोसेसरच शेगडीचं काम करतो. गोठतं ते बंद यंत्र. पण ‘रात्रभर चालूच ठेवू’ हा उपाय आपल्याकडे धरून चालू नये, कारण लाइट गेली की पंप थांबलाच.

पाण्याचं बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. रेडिएटरच्या चपट्या नळ्या पातळ असतात. त्या फुगतात, डाख सुटतो. अ‍ॅक्रिलिकचा ब्लॉक, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेली पाणी खेळवणारी डबी, तडकतो. गंमत अशी, की तेव्हा एक थेंबही गळत नाही, कारण भोक बर्फानेच बुजवलेलं असतं. गळती सुरू होते ऊन चढल्यावर, आणि तोवर कुणीतरी बटण दाबलेलं असतं.

उपाय प्रॉपिलिन ग्लायकॉलचा. पाण्यात मिसळलं की गोठण्याचं तापमान खाली नेणारा हा द्रव. आकारमानाने ३० टक्के मिसळलं तर मिश्रण साधारण उणे १३ अंशांपर्यंत गोठत नाही, ४० टक्क्यांना उणे २१ आणि ५० टक्क्यांना उणे ३३ च्या आसपास. परभणीच्या गच्चीला ३० टक्के भरपूर झाले: एक लिटरला ३०० मिली ग्लायकॉल, ७०० मिली पाणी. सरसकट निम्मं-निम्मं करणं चूक. ग्लायकॉल वाढलं की द्रव घट्ट होतो, पंपावर ताण येतो, उष्णता वाहून नेण्याची ताकद घटते, आणि मे महिन्यात तीच तर हवी असते. उलट १०-१५ टक्क्यांवर थांबलात तर जंतूंना आयतं खाद्य मिळतं आणि पाईपमध्ये शेवाळी थर धरतो. गंजरोधक घातलेलं, कॉम्प्युटरसाठीचंच कॉन्सन्ट्रेट घ्या. नुसत्या शुद्ध ग्लायकॉलमध्ये गंजरोधक नसतं.

गाडीचा कूलंट नको. तो बहुधा इथिलिन ग्लायकॉलचा असतो. विषारी आणि चवीला गोड. गच्चीत गळला तर मांजर-कुत्र्याचा जीव जाईल.

पाण्याचंही पाहा. इथलं बोअरचं पाणी जड, त्याचे क्षार ब्लॉकच्या बारीक खाचांत बसतात. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर चालेल, पण आरओवाल्याचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) त्यात बुडवून बघा. आकडा शून्य ते दोनच्या वर गेला तर ते घेऊ नका.

बहुतेकांची गल्लत होते ती पुढे. यंत्र साध्या पाण्याने धुऊन रिकामं केलं तरी रेडिएटरमध्ये थोडं पाणी उरतंच. समजा एक लिटरच्या यंत्रात १५० मिली राहिलं आणि वर ४० टक्क्यांचं ८५० मिली भरलं, तर आतलं मिश्रण ३४ टक्क्यांचंच होतं. उणे २१ ची खात्री उणे १६ वर आली! शेवटचं धुणं त्याच मिश्रणाने करा.

लांब पाठवायचं असेल तर रिकामं करणंच बरं. सगळ्यांत खालचं फिटिंग उघडा, वरचं झाकण सैल करा, रेडिएटर काढून सगळ्या बाजूंनी कलता करा. पंप कोरडा फिरवू नका, त्याचं बेअरिंग द्रवावरच चालतं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तर लावूच नका. सायकलचा हातपंप पुरे, तोही अर्ध्या बार दाबाच्या आत. कंपनीतून सीलबंद आलेल्या कूलरमध्ये यातलं काहीच करता येत नाही. त्याच्या माहितीपत्रकात साठवणुकीचं किमान तापमान दिलेलं असेल, ते बघूनच पाठवा.

थंडीतून आलेलं खोकं लगेच उघडू नका. रात्रभर खोलीत तसंच राहू द्या, नाहीतर खोलीतली वाफ गार बोर्डांवर पाणी होऊन बसते. मग अर्ध्या बारची हवा भरून अर्धा तास दाबमापकाचा काटा बघा. काटा हलला नाही तर मिश्रण भरा, एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, २४ पिनी कनेक्टरला जंपर (दोन पिना जोडणारी तार) लावून फक्त पंप चालवा आणि प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवा. काही तासांनी कागद कोरडे निघाले, तरच मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या वायरी जोडा.