मिठाची बैठक मोडताना

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं की आपण ‘मीठ पाघळलं’ म्हणतो. खरं तर ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि त्या पाण्यात विरघळतं. मीठ खरोखर वितळवायचं तर 801 अंश सेल्सिअस गाठावे लागतात. ॲल्युमिनिअमचं पातेलं वापरलंत तर 660 अंशांनाच पातेल्याचा रस होईल आणि मीठ आतमध्ये कोरडं ठणठणीत राहील.

रसायनशास्त्रात मात्र धन आणि ऋण विद्युतभाराच्या कणांच्या, म्हणजे आयनांच्या, कुठल्याही जोडीला मीठ म्हणतात; बरणीतलं मीठ त्यांपैकीच एक. पॉल वाल्डेन या रिगातल्या रसायनशास्त्रज्ञाने 1914 साली अशाच एका वेगळ्या मिठाची नोंद केली. इथिलअमोनियम नायट्रेट हे त्याचं नाव, आणि ते वितळतं 12 अंशांना. म्हणजे आपल्या हवेत, पाण्याचा थेंबही न घालता, ते बाटलीत पातळच राहणार. याचं जवळचं भावंड म्हणजे खतातलं अमोनियम नायट्रेट. त्याला वितळायला सुमारे 170 अंश लागतात. दोघांत फरक केवढा? अमोनियमच्या चार हायड्रोजनपैकी एक काढून तिथे दोन कार्बनची छोटी शेपटी जोडलेली, बस्स.

एवढ्याशा शेपटीने इतकं काय बिघडतं, हे दिवाळीच्या डब्यावरून कळेल. एकाच मापाचे लाडू डब्यात पक्के बसतात. त्यातच करंज्या आणि चकल्या कोंबल्या की मध्ये पोकळ्या राहतात आणि डबा हलवला की सगळं खुळखुळतं. साध्या मिठातले सोडियम आणि क्लोराइड आयन लहान आणि गोल असतात. ते एकमेकांना चिकटून ओळीने बसतात आणि विरुद्ध विद्युतभार जवळ आल्यामुळे पकडही जबर असते. आयन मोठा आणि वेडावाकडा केला की भार अंतरावर जातो, रचना ढिली पडते आणि थोडीशी उष्णताही ती मोडायला पुरते.

वितळणबिंदू 100 अंशांखाली आला की अशा मिठाला ‘आयनिक द्रव’ म्हणायची पद्धत आहे. 1992 मध्ये अमेरिकेच्या हवाई दल अकादमीतल्या विल्क्स आणि झावोरोट्को यांनी हवा-पाण्यात टिकणारे आयनिक द्रव तयार केले. त्यांचा धन आयन म्हणजे कार्बन-नायट्रोजनचं पाच कोपऱ्यांचं इमिडाझोलियम कडं, एका बाजूला मिथिल (एका कार्बनची शेपटी), दुसऱ्या बाजूला इथिल (दोन कार्बनची). मुद्दाम लंगडा ठेवलेला! त्याच्या जोडीला क्लोराइड दिला तर मीठ 87 अंशांच्या आसपास वितळतं. भार जास्त पसरलेला टेट्राफ्लुओरोबोरेट हा ऋण आयन दिला की 15 अंशांपर्यंत उतरतं.

मग शेपटी वाढवतच गेलं तर? इथे गणित उलटतं. साधारण चार ते आठ कार्बनपर्यंत वितळणबिंदू घसरतो, पुढे पुन्हा चढतो. लांब शेपट्या मेणासारख्या एकमेकींना समांतर झोपतात आणि मोडलेली शिस्त परत येते.

यावरचा तोडगा मला सगळ्यांत आवडतो, कारण तो आपल्या तेलाच्या किटलीत आधीपासूनच आहे. स्टिअरिक आम्ल आणि ओलिक आम्ल, दोघांतही 18 कार्बन. पहिलं सुमारे 69 अंशांना वितळतं, दुसरं 13 ते 16 अंशांना. ओलिकच्या मधोमध असलेल्या दुहेरी बंधाने साखळीला कोपरासारखा बाक येतो. शेंगदाणा तेलात ओलिक भरपूर, म्हणून ते पातळ. त्यात हायड्रोजन घालून बाक काढले की वनस्पती तुपासारखा घट्ट गोळा होतो. 2010 मध्ये अमेरिकेतल्या जेम्स डेव्हिस यांच्या गटाने हीच बाकदार शेपटी इमिडाझोलियमला जोडली. 18 कार्बनची लांबी तशीच ठेवून मीठ शून्य अंशांखालीही पातळ राहिलं.

सगळंच मात्र इतकं आज्ञाधारक नसतं. इमिडाझोलियमच्या कड्यात दोन नायट्रोजनमधल्या कार्बनवर एक हायड्रोजन असतो, तो ऋण आयनाला धरून ठेवतो. त्याच्या जागी मिथिल बसवला तर पकड सुटेल, वितळणबिंदू उतरेल, असं कुणालाही वाटेल. पण ब्यूटिल, म्हणजे चार कार्बनच्या, शेपटीच्या क्लोराइडमध्ये हा बदल केला तर वितळणबिंदू 65-70 वरून 99 अंशांवर चढतो! पकड सुटते हे खरं, पण ऋण आयनाला इकडेतिकडे सरकायच्या वाटाही कमी होतात. द्रवातला हा मोकळेपणा गेला की घनरूप पुन्हा वरचढ ठरतं.

हे कारखान्यात कुठे लागतं? जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीत फॉस्फरसची काही संयुगं बनवताना हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते शोषायला ट्रायइथिलअमाइन घातलं की त्याचं मीठ घन होऊन सगळा लगदा व्हायचा, आणि तो गाळणं हे मोठंच काम. 2002 मध्ये तिथे त्याऐवजी मिथिलइमिडाझोल, म्हणजे त्याच पाच कोपऱ्यांच्या कड्याचं संयुग, वापरायला सुरुवात झाली. त्याचं मीठ 75 अंशांना वितळतं, आणि गरम भांड्यात तेवढं पुरतं. ढवळणं थांबवलं की दोन थर वेगळे होतात, एकात हवा तो पदार्थ, दुसऱ्यात पातळ मीठ. त्या मिठात कॉस्टिक सोडा घालून मिथिलइमिडाझोल परत मिळवतात, आणि क्लोराइड सोडियमबरोबर बाहेर पडतो, आपल्या बरणीतलं मीठ होऊन.