नव्वद लाख ओळी आणि तीन पानं

दहावीच्या निकालाच्या दिवशी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पंधरा लाख मुलांचा डेटा आहे, शोधायला वेळ लागणारच." बँकेत, दवाखान्यात, सोसायटीच्या ऑफिसात हेच थोड्या फरकानं बोललं जातं. माहिती वाढली म्हणून शोध संथ झाला, आता मोठा सर्व्हर घ्या. एकाच मिनिटात लाखो लोक आले तर साईट अडखळते हे खरं, पण ती गर्दीची अडचण. एका मुलाचे गुण शोधायला लागणारा वेळ मुलांच्या संख्येइतका वाढत जातो, ही समजूत मात्र चुकीची आहे. ती का चुकीची आहे, हे समजून घेताना एक फार देखणी कल्पना हाती लागते.

आधी टेबलांची मांडणी पाहू. निकालाची माहिती ठेवा म्हटलं की नवखा माणूस एक लांबलचक टेबल करतो: आसन क्रमांक, नाव, आईचं नाव, शाळेचं नाव, शाळेचा पत्ता, मग विषय १, गुण १, विषय २, गुण २ असे सहा जोड. एक्सेलमध्ये हे खपून जातं, डेटाबेसमध्ये पहिल्याच आठवड्यात दुखायला लागतं. गणितात किती मुलं नापास झाली, हे विचारायचं तर सहाही कॉलम तपासावे लागतात, कारण गणित कोणाच्या तिसऱ्या कॉलमात असेल तर कोणाच्या चौथ्या. शाळेचं नाव दोनशे ओळींत दोनशे वेळा लिहिलेलं असतं. त्यातल्या दहा ओळींत 'विद्यालय' आणि बाकीच्यांत 'विद्यालया' असं पडलं की एका शाळेच्या दोन शाळा होतात.

एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली एका निबंधात रिलेशनल मांडणीची कल्पना मांडली. त्यातून पुढे आलेली शिस्त अशी की प्रत्येक गोष्ट एकाच जागी लिहायची आणि इतर ठिकाणी तिचा फक्त क्रमांक ठेवायचा. म्हणून चार टेबलं करा: शाळा, विद्यार्थी, विषय आणि गुण. विद्यार्थ्याच्या ओळीत शाळेचा क्रमांक असेल. गुणांच्या टेबलात विद्यार्थी क्रमांक, विषय क्रमांक आणि मिळालेले गुण, बस्स. विषयांचे सहा कॉलम नाहीत. एका मुलाच्या सहा ओळी. सातवा विषय आला तर टेबलाला हात लावावा लागत नाही, एक ओळ वाढते.

इथे शंका येते, आणि ती रास्त आहे. पंधरा लाख मुलं गुणिले सहा म्हणजे ९० लाख ओळी. टेबलं अशी फोडल्यावर दर वेळी जॉइन करून जोडायची, म्हणजे काम वाढलंच की! वाढलं असतं, जर शोधायची पद्धत ओळीमागून ओळ वाचत जाण्याची असती तर.

डेटाबेस डिस्कवरून एकेक ओळ वाचत नाही, पान वाचतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पान ८ केबीचं असतं; मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण यंत्रणेत १६ केबीचं. एकच ओळ हवी असली तरी अख्खं पान उचलावं लागतं. त्यामुळे डेटाबेसचा वेग मोजताना किती ओळी पाहिल्या यापेक्षा किती पानं उचलली हे विचारावं. गुणांच्या टेबलात एका पानावर सुमारे १२५ ओळी मावतात असं धरू. ९० लाख ओळींना ७२,००० पानं लागतील. इंडेक्स, म्हणजे शोधसूची, नसेल तर एका मुलाच्या सहा ओळींसाठी ही सगळी ७२,००० पानं, म्हणजे पाचशे एमबीहून जास्त माहिती, वरून खालपर्यंत वाचावी लागते. सहा ओळी मिळाल्या म्हणून मध्येच थांबताही येत नाही, कारण सातवी पुढे नाही याची खात्री कोण देणार?

आता या टेबलावर विद्यार्थी क्रमांक आणि विषय क्रमांक मिळून एक इंडेक्स करा. इंडेक्स म्हणजे जवळजवळ पुस्तकाच्या मागची सूची: क्रमानं लावलेल्या किल्ल्या, म्हणजे ज्यांच्यावरून शोधायचं ते क्रमांक, आणि प्रत्येक किल्लीसमोर ती ओळ कुठल्या पानावर आहे याचा पत्ता. किल्लीतले दोन क्रमांक प्रत्येकी चार बाइटचे, म्हणजे आठ बाइट. पोस्टग्रेसमध्ये पत्ता आणि इतर हिशेब धरून एक नोंद २० बाइटची होते. ८ केबीच्या पानात अशा ४०० नोंदी बसतात. पानं काठोकाठ भरलेली नसतात, म्हणून ३०० धरू.

९० लाख नोंदी, पानावर ३०० प्रमाणे, ३०,००० पानांत मावल्या. इंडेक्सची रचना फांद्या फुटणाऱ्या झाडासारखी असते; ही झाली त्या झाडाची पानं, सगळ्यात खालची पातळी. या ३०,००० पानांचीही सूची करायची: कुठलं पान कुठल्या किल्लीपासून सुरू होतं. त्या सूचीला १०० पानं पुरतात. त्या १०० पानांची सूची करायला एकच पान लागतं, ते मूळ. शोध मुळापासून सुरू होतो. तिथल्या १०० नोंदी पाहून खालचं एक पान निवडायचं, त्यातल्या ३०० मधून त्याच्या खालचं एक, आणि तिसऱ्या पानावर आपली किल्ली सापडते. ९० लाखांतून नेमकी नोंद, तीन पानांत. त्या मुलाच्या सहाही नोंदी क्रमानं शेजारीशेजारी असल्यानं बहुतेक वेळा त्याच पानावर मिळतात. मग टेबलातल्या मूळ ओळी आणायच्या. गुण विषयवार भरले गेले असतील तर त्या सहा ओळी सहा वेगळ्या पानांवर असतील. एकूण झाली नऊ पानं. बहात्तर हजारांच्या जागी नऊ!

वरच्या दोन पातळ्यांची मिळून १०१ पानं होतात, म्हणजे जेमतेम ८०० केबी. चालत्या डेटाबेसमध्ये ती कायम मेमरीतच असतात. डिस्कपर्यंत जावं लागलंच तर सगळ्यात खालच्या पानासाठी आणि प्रत्यक्ष ओळींसाठी.

आणि माहिती वाढली तर? तीन पातळ्यांत ३०० गुणिले ३०० गुणिले ३०० म्हणजे २.७ कोटी नोंदी मावतात. दर वर्षी ९० लाख ओळी धरल्या तर तीन वर्षांत तिसरी पातळी भरेल आणि चौथी लागेल. चौथीची क्षमता ८१० कोटी, ढोबळ मानानं पृथ्वीवरच्या माणसांइतकी. ती भरायला याच वेगानं ९०० वर्षं लागतील! माहिती तीनशे पट झाली, शोध एका पानानं वाढला.

या झाडाला बी-ट्री म्हणतात. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत १९७० च्या सुमारास ते शोधलं. 'बी' कशाचा, हे दोघांनी निबंधात लिहिलं नाही. त्या काळी, आणि फिरत्या डिस्कवर आजही, एका ठिकाणाहून दुसरीकडे उडी मारणं महाग असतं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला अर्धा फेरा पुरा करायलाच सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात. त्यात हेड सरकण्याचा वेळ मिळवला की एका उडीला दहा मिलिसेकंद धरावेत. दोनच फांद्या फुटणाऱ्या साध्या द्विभाजी झाडात ८१० कोटींतून शोधायला ३३ पायऱ्या लागतात. इथे चार.

पण मला या झाडाचं सगळ्यात मोठं कौतुक वाटतं ते त्याच्या वाढण्याच्या रीतीचं. साधं झाड नोंदी क्रमानं आल्या तर एका बाजूला लांबत जातं आणि त्याची दोरी होते. बी-ट्री असं होऊच देत नाही. समजा एका पानावर ४०० नोंदी भरल्या आणि ४०१ वी आली. डेटाबेस एक कोरं पान घेतो, अर्ध्या नोंदी तिकडे हलवतो आणि दोन्ही पानांच्या सीमेवरची किल्ली वरच्या पानाला कळवतो. वरचं पानही भरलेलं असेल तर तेही तसंच दुभंगतं. असं करत करत मूळच दुभंगलं, तर त्या दोन तुकड्यांच्या डोक्यावर नवं मूळ बसतं. म्हणजे हे झाड शेंड्याकडून वाढत नाही, मुळाकडून उंच होतं. त्यामुळे खालचं प्रत्येक पान मुळापासून नेहमी सारख्याच अंतरावर राहतं. तोल सावरायला वेगळं कोणी बसवावं लागत नाही. वाढण्याच्या रीतीतच तोल आहे.

याच रीतीतून एक व्यावहारिक गोष्ट निघते. किल्ल्या १, २, ३ अशा चढत्या क्रमानं आल्या तर सगळी भर उजव्या टोकाला पडते. हे ओळखून पोस्टग्रेस तिथलं पान निम्म्यात न तोडता नव्वद टक्के भरलेलं मागे सोडतो. किल्ल्या यादृच्छिक यूयूआयडी, म्हणजे कुठल्याही क्रमाशिवाय तयार केलेले लांबलचक ओळखक्रमांक, असतील तर पानं जागोजागी दुभंगतात आणि सरासरी ६९ टक्केच भरलेली राहतात. शिवाय यूयूआयडी १६ बाइटचा, चार बाइटच्या क्रमांकाच्या चौपट. गरज नसताना तो प्रायमरी की, म्हणजे ओळीची मुख्य ओळख, म्हणून घेऊ नये.

आता नेहमी होणाऱ्या चुका. पोस्टग्रेसमध्ये फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा क्रमांक, घातली म्हणजे त्या कॉलमवर इंडेक्स आपोआप होत नाही. इनोडीबीमध्ये होतो, म्हणून तिकडून आलेले लोक इथे फसतात. दोन कॉलमच्या इंडेक्समध्ये क्रम महत्त्वाचा. आपला इंडेक्स आधी विद्यार्थी, मग विषय असा लावलाय. 'गणितातले सगळे गुण दाखव' या प्रश्नाला त्याचा फारसा उपयोग नाही. आडनावानुसार लावलेल्या टेलिफोन डिरेक्टरीत फक्त 'सुनील' शोधायला निघाल्यासारखं ते होतं.

जन्मतारखेवर इंडेक्स असताना 'तारखेतून वर्ष काढ आणि ते २००९ आहे का बघ' असं लिहिलं की तो इंडेक्स बाजूला पडतो, कारण झाडात तारखा लावल्या आहेत, वर्षं नाहीत. त्याऐवजी '१ जानेवारी २००९ किंवा नंतर, आणि १ जानेवारी २०१० च्या आधी' अशी अट घाला. खालची पानं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे सुरुवात सापडली की पुढे नुसतं सरकत जायचं. मोबाइल नंबर आकड्याच्या नाही, अक्षरांच्या कॉलमात ठेवा. चार बाइटच्या पूर्णांकाची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे, नऊ किंवा आठनं सुरू होणारा दहा आकडी नंबर त्यात मावतच नाही. आणि मायएसक्यूएलमध्ये अशा अक्षरी कॉलमची तुलना अवतरणचिन्हं न देता केली, तर किमतीचं रूपांतर करावं लागतं आणि इंडेक्स वापरला जात नाही.

'उत्तीर्ण' असा शेरा असलेल्या कॉलमवर इंडेक्स करून काय होईल? काहीच नाही. दहावीचा निकाल गेली काही वर्षं नव्वद टक्क्यांच्या वर लागतो. नव्वद टक्के ओळी हव्याच असतील तर सूची चाळून पुन्हा प्रत्येक पानावर जाण्यापेक्षा टेबल सरळ वाचलेलं स्वस्त. डेटाबेस तेच करतो आणि बरोबर करतो.

म्हणून सगळ्या कॉलमवर इंडेक्स घालणं, किंवा काहीही न तपासता दर रविवारी सगळे इंडेक्स पुन्हा बांधणं, हा दुकानाच्या दारात लिंबू-मिरची टांगण्याचा प्रकार आहे. प्रत्येक इंडेक्स हे वेगळं झाड असतं. टेबलावर पाच इंडेक्स असतील तर एक ओळ घालताना सहा ठिकाणी लिहावं लागतं. उपाय अंदाजानं करू नका, क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या, आधी 'एक्सप्लेन ॲनालाइझ' लावून पाहा; ती कशी सोडवली हे डेटाबेस दाखवतो. 'सीक्वेन्शियल स्कॅन' दिसलं की पूर्ण टेबल वाचलं गेलं. अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांत शंभर पटींचा फरक दिसला तर डेटाबेसनं टेबलाबद्दल ठेवलेली आकडेवारी जुनी झाली असण्याची शक्यता मोठी. टेबलावर 'ॲनालाइझ' चालवा, ती ताजी होईल. एक सावधगिरी: 'एक्सप्लेन ॲनालाइझ' क्वेरी खरोखर चालवतो. 'डिलीट'च्या आधी लावलात तर ओळी जातील. आधी ट्रान्झॅक्शन उघडा, शेवटी रोलबॅक करा, म्हणजे झालेले बदल मागे घेतले जातील. चालू सिस्टीमवर नवा इंडेक्स करताना 'कॉन्करंटली' हा शब्द विसरू नका, नाहीतर इंडेक्स होईपर्यंत त्या टेबलात लिहिणारे सगळे खोळंबतात.

मराठी माहितीला आणखी एक खोड आहे. ती इंडेक्सची नाही, पण दोष त्याच्यावरच येतो. निकाल पाहताना आसन क्रमांकाबरोबर आईचं नाव विचारतात; समजा ते देवनागरीत साठवलंय. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीचे लोक 'अ' वर चंद्र देऊन ते लिहीत, कोणी मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना 'ॲनी' तीच; साध्या तुलनेत डेटाबेसला मात्र ही तीन वेगळी नावं, झाडातल्या तीन वेगळ्या जागा. 'कऱ्हाडे'मधला ऱ्ह तसाच: एकदा नुक्तावाला ऱ घेऊन, एकदा साधा र, हलन्त आणि जोडचिन्ह घेऊन. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एक करण्याची ठरलेली रीत, यातलं काहीच एक करत नाही, त्यासाठी नियम आपणच लिहावा लागतो. मूळ नाव जसंच्या तसं ठेवा आणि शोधासाठी वेगळा कॉलम करून इंडेक्स त्याच्यावर घाला. त्या कॉलमात आधी र, हलन्त, जोडचिन्ह या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवा, मग चंद्रवाल्या 'अ' ची दोन्ही रूपं 'ॲ' करा, आणि उरलेली जोडचिन्हं सगळ्यात शेवटी काढा. हा क्रम उलटा केलात तर कऱ्हाडे बाईंच्या आडनावातल्या 'ह' वर रफार चढेल, आणि त्यांच्या मुलीचा निकाल 'सापडला नाही' म्हणून परत येईल.