एन्व्हलप रीट्रिगरिंग आणि कॉर्ड

सिंथेसायझरमधला स्वर किती झटकन चढतो, कुठे उतरून स्थिरावतो आणि पट्टी सोडल्यावर किती वेळात विरतो, हे एन्व्हलप ठरवते. अटॅक (चढ), डिके (उतार), सस्टेन (स्थिर पातळी), रिलीज (विरणे) हे त्याचे चार टप्पे. चालू असलेले एन्व्हलप नव्या स्वरामुळे पुन्हा अटॅकपासून सुरू होणे म्हणजे रीट्रिगरिंग. मिनिमूगसारख्या (१९७०) एकस्वरी वाद्यावर आधीची पट्टी धरून दुसरी दाबली तर असे होत नाही. तिथे हा केवळ वादनशैलीचा भाग असतो. कॉर्ड (एकत्र वाजणारे अनेक स्वर) वाजवताना मात्र एन्व्हलप किती आहेत यावर सगळे अवलंबून असते.

प्रॉफेट-५ (१९७८) या सिंथेसायझरमध्ये पाचही व्हॉइसना (व्हॉइस म्हणजे एका वेळी एक स्वर वाजवणारा भाग) स्वतंत्र फिल्टर (स्वराची चमक कमी-जास्त करणारा) आणि प्रत्येकी दोन एन्व्हलप आहेत. धरलेल्या कॉर्डमध्ये स्वर वाढवला तर फक्त त्याच स्वराचा अटॅक ऐकू येतो. कॉर्ग पॉली-८०० मध्ये (१९८३) आवाजाची पातळी स्वरागणिक वेगळी, पण फिल्टर आणि त्याचे एन्व्हलप सर्वांत मिळून एकच. त्याच्या रीट्रिगरिंगसाठी सिंगल व मल्टी असे दोन पर्याय दिलेले आहेत. मल्टीवर चौथा स्वर येताच आधीच्या तिघांचाही फिल्टर पुन्हा उघडतो. शिवाय बोटे कधीच अगदी एकत्र पडत नाहीत. त्यामुळे अटॅक छोटा असेल तर एकच कॉर्ड अडखळत सुरू झाल्यासारखी वाटते. सिंगलवर हा त्रास नाही, पण सगळ्या पट्ट्या सुटेपर्यंत फिल्टर नव्याने उघडत नाही आणि उशिरा आलेला स्वर मंद, दबलेला येतो.

स्वतंत्र एन्व्हलप असूनही अडचण येते ती व्हॉइस संपल्यावर. ज्यूनो-१०६ मध्ये (१९८४) सहा व्हॉइस. रिलीज लांब ठेवून चार स्वरांची कॉर्ड सोडली आणि लगेच दुसरी चार स्वरांची धरली, तर आठ व्हॉइस लागतात. म्हणजे आधीच्या कॉर्डमधल्या दोन विरत्या स्वरांच्या शेपट्या तोडाव्या लागतात. असा विरत असलेला व्हॉइस पुन्हा वापरताना वाद्यांची रीत वेगवेगळी. सीईएम ३३१० सारख्या अ‍ॅनालॉग चिपमध्ये एन्व्हलप कपॅसिटरवर उरलेल्या व्होल्टेजपासूनच वर चढते. संथ अटॅकच्या पॅडमध्ये (मागे लांबत राहणाऱ्या आवाजात) ते दोन स्वर बाकीच्यांआधी वर येतात आणि कॉर्ड असमान उठते. शून्यापासून सुरू करणाऱ्या वाद्यात चढ सारखा मिळतो, पण पातळी एकदम तुटल्याने ‘टक्’ ऐकू येते. अटॅक वाढवून ही टक जात नाही, कारण ती अटॅकच्या आधीच झालेली असते.

यावर पहिला उपाय रिलीज कमी करणे. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चार मात्रांना एक कॉर्ड असेल तर ती बदलायला २ सेकंद मिळतात; रिलीज त्याहून बरीच कमी हवी. दुसरा, आणि पॅडसाठी जास्त चांगला, उपाय बोटांत आहे: सी मेजरवरून ए मायनरला जाताना सी आणि ई धरून ठेवावेत, फक्त जीचा ए करावा. एकच नवा व्हॉइस लागतो. ब्रासच्या (ट्रम्पेटसारख्या वाद्यांच्या आवाजातल्या) ठोक्यांसाठी मात्र उलट, सगळी बोटे उचलावीत. सस्टेन पेडल दाबून तीच कॉर्ड पुन्हा पुन्हा वाजवली, तर काही वाद्ये दर वेळी नवे व्हॉइस खर्च करतात.

अनोळखी वाद्य तपासायचे असेल तर फिल्टर बराच बंद करून त्यावर एन्व्हलपचा परिणाम वाढवावा, फिल्टर एन्व्हलपचा सस्टेन शून्य आणि डिके १ सेकंद ठेवावा. आवाजाच्या पातळीचे वेगळे एन्व्हलप असेल तर त्याचा सस्टेन पूर्ण ठेवावा. तीन पट्ट्या धरून २ सेकंदांनी चौथी दाबावी. सगळी कॉर्ड उजळली तर एन्व्हलप सामायिक आणि मल्टी. फक्त नवा स्वर उजळला तर स्वतंत्र. काहीच उजळले नाही तर सामायिक आणि सिंगल.